चांदीवरची साक्ष : जुन्या विलायती भांड्यांचे ठसे कसे वाचावेत

वाटणीच्या दिवशी जमीन गुंठ्यात मोजली जाते, सोने तोळ्यात आणि चांदी किलोत. जमिनीला सातबारा असतो, सोन्याचा प्रत्येक डाग घरातील स्त्रियांच्या स्मरणात असतो. चांदीच्या भांड्यांना मात्र असा कोणी वाली नसतो. ती पोत्यात भरून सराफाकडे नेली जातात, एकगठ्ठा वजन होते, कस काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत तीन पिढ्यांचा संग्रह मुशीत उतरतो. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेल्यापासून हे प्रमाण वाढले आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

चांदी मोडीत काढणे हा काही अपराध नव्हे. व्यापारी कुटुंबाला भांडवल लागते आणि पडून राहिलेला धातू हे निद्रिस्त भांडवलच असते. परंतु मोडण्यापूर्वी ती वस्तू काय आहे, हे जाणून घेणे हा व्यवहारधर्म आहे. विशेषतः मराठवाड्यातील जुन्या पेढ्यांच्या तिजोऱ्यांत विलायती बनावटीची चांदी अधूनमधून आढळते. तिच्या बुडाशी तीळभर आकाराचे चार-पाच ठसे असतात. ते वाचता आले तर ती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या वर्षी तपासली गेली, तिच्यात चांदी किती आणि ती कोणी घडवली, हे सारे कळते. त्या ठशांचे वाचन कसे करावे, हे या लेखात पाहू.

विलायती चांदी आपल्याकडे आली कोठून?

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, परंतु औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, फौजेची छावणी होती आणि तेथे इंग्रज अधिकारी राहत. अशा अधिकाऱ्यांची बदली झाली किंवा ते मायदेशी परतू लागले, की घरसामानाचा लिलाव करण्याची पद्धत साऱ्या हिंदुस्थानात होती. चहाच्या किटल्या, दुधाची भांडी, साखरेचे चिमटे, दौती, मेणबत्तीची घरे अशा वस्तू त्या वाटेने स्थानिक व्यापाऱ्यांच्या हाती येत. काही वस्तू मुंबईच्या बाजारातून खरेदी झाल्या, काही उधारीच्या वसुलीत मिळाल्या, तर काही लग्नात आहेर म्हणून आल्या. पैठण रस्त्यावरील चितेगाव आज कारखान्यांचे आणि कामगार वस्तीचे गाव म्हणून ओळखले जाते, पण तेथील आणि परिसरातील जुन्या व्यापारी घरांच्या तिजोऱ्यांतही अशी एखादी वस्तू निघाली, तर त्यात आश्चर्य नाही.

हॉलमार्क म्हणजे नेमके काय?

आज आपण ‘हॉलमार्क’ हा शब्द सर्रास वापरतो. त्यातील ‘हॉल’ म्हणजे लंडन येथील सोनारांच्या संघाची वास्तू, गोल्डस्मिथ्स हॉल. ज्या वास्तूत चांदी तपासून ठसा मारला जाई, तिचेच नाव त्या ठशाला मिळाले.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० साली कायदा केला, की ठरावीक कसापेक्षा हलकी चांदी विकता येणार नाही आणि तपासलेल्या वस्तूवर चित्त्याच्या मुखवट्याचा ठसा असावा. हा कस म्हणजेच ‘स्टर्लिंग’, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. उरलेले ७५ भाग बहुधा तांबे असते. निव्वळ शुद्ध चांदी मऊ असल्याने भांडे चेपते, म्हणून हा मिलाफ. १३६३ साली प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण उमटवावी, असे बंधन आले. १४७८ साली वर्षाचे अक्षर सुरू झाले.

या वर्षाक्षराचा मूळ हेतू समजून घेण्यासारखा आहे. शंभर-दोनशे वर्षांनी कोणाला वस्तूचे वय कळावे, म्हणून ते आलेच नाही. एखादी वस्तू पुढे हलक्या कसाची निघाली, तर ती पास करणारा तपासनीस त्या वर्षी कोण होता, हे सापडावे आणि त्याला जाब विचारता यावा, यासाठी ते होते. म्हणजे अक्षर वस्तूवर उमटत असले, तरी जबाबदारी ते तपासणाऱ्यावर टाकत होते.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही रचना लगेच ओळखीची वाटते. आमच्याकडे कोणताही व्यवहार एका सहीने पुरा होत नाही. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. दोघांच्या सह्या आणि तारीख असल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. इंग्लंडातील सोनारांनी हीच शिस्त चांदीच्या बुडाशी कोरली. घडवणाऱ्याची खूण ही पहिली सही, तपासणी कचेरीचा ठसा ही दुसरी सही आणि अक्षर ही तारीख. वस्तू कसास उतरली नाही, तर ती तेथेच मोडून परत दिली जाई. हॉलमार्कचे खरे मोल या दुसऱ्या सहीत आहे.

पाच ठसे

मूर्तीच्या पादपीठावरील लांछनावरून तीर्थंकर ओळखण्याची आपल्याला सवय आहे. पैठणच्या जिनालयात मुनिसुव्रतनाथांचे कासव पाहिले, की नाव विचारावे लागत नाही. विलायती चांदीचे ठसेही तसेच चिन्हांनी बोलतात. सामान्यतः ते पाच असतात.

पहिला, कसाचा ठसा. उजवा पाय उचलून चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी. हा १५४४ पासून आहे. स्कॉटलंडच्या एडिंबरा कचेरीने १७५९ पासून काटेरी फुलाचा ठसा वापरला. सिंहाच्या जागी बसलेली स्त्री, म्हणजे ‘ब्रिटानिया’, दिसली तर ती अधिक शुद्ध, हजारात ९५८ भागांची चांदी. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडात हाच कस सक्तीचा होता, कारण लोक चांदीची नाणी वितळवून भांडी करू लागले होते. भांड्याचा कस नाण्याहून वर नेला, की नाणी वितळवणे परवडणार नाही, असा तो हिशेब होता. पुढे हा कस ऐच्छिक म्हणून चालू राहिला.

दुसरा, गावाचा ठसा. चित्त्याचे मुख म्हणजे लंडन. १८२१ पर्यंत या चित्त्याच्या डोक्यावर मुकुट असे, त्यानंतर तो गेला. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे शेफील्ड. या दोन्ही गावांना स्वतःची कचेरी १७७३ साली मिळाली. बर्मिंगहॅम समुद्रापासून पुष्कळ दूर असूनही त्याची खूण नांगर का, असा प्रश्न पडतो. दोन्ही गावांचे प्रतिनिधी लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमले होते आणि तिच्या पाटीवरून ही चिन्हे घेतली गेली, असे परंपरेने सांगतात. तीन बुरुजांचा किल्ला म्हणजे एडिंबरा, तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या म्हणजे चेस्टर, मुकुटासह वीणेसारखे वाद्य म्हणजे डब्लिन. चेस्टरची कचेरी १९६२ साली आणि ग्लासगोची १९६४ साली बंद झाली, त्यामुळे त्यांचे ठसे असलेली वस्तू त्यापूर्वीचीच असते.

तिसरा, वर्षाचे अक्षर. त्याविषयी पुढे सविस्तर पाहू.

चौथा, घडवणाऱ्याची आद्याक्षरे. हेस्टर बेटमन या स्त्रीचे उदाहरण आपल्या भगिनींना आवडेल. १७६० साली पती निवर्तल्यावर तिने व्यवसाय हाती घेतला आणि १७६१ साली ‘एच. बी.’ अशी स्वतःची खूण लंडनच्या कचेरीत नोंदवली. पुढे जवळजवळ तीस वर्षे तिने मुलांसह कारखाना चालवला. तिची वस्तू आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. दोन अक्षरांमागे असे एखादे अख्खे घराणे असू शकते.

पाचवा, राजाचे मस्तक. हा कराचा ठसा. १ डिसेंबर १७८४ पासून चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची पावती म्हणून तत्कालीन राजाचे मस्तक उमटू लागले. १८९० साली कर उठला आणि हा ठसाही गेला. त्यामुळे मस्तक असेल तर वस्तू १७८४ ते १८९० मधली, हे एका दृष्टिक्षेपात ठरते. व्हिक्टोरिया राणीचे मुख डावीकडे वळलेले असते, तिच्या आधीच्या चौथ्या जॉर्ज आणि चौथ्या विल्यम यांचे उजवीकडे.

अक्षरावरून वर्ष

लंडनच्या कचेरीत इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’ ते ‘यू’ ही अक्षरे, मधले ‘जे’ गाळून, वापरली जात. म्हणजे वीस अक्षरांची वीस वर्षे. मालिका संपली की पुन्हा ‘ए’, पण वळण वेगळे आणि भोवतालच्या ढालीचा आकारही वेगळा. १७७६ साली छोट्या लिपीतील ‘ए’ आला, १७९६ साली मोठ्या लिपीतील, १८१६ साली पुन्हा छोट्या. १८३६ साली गॉथिक वळणाचा मोठा, १८५६ साली गॉथिक वळणाचा छोटा, १८७६ साली साधा मोठा, १८९६ साली साधा छोटा, असा क्रम पुढे चालू राहिला.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. लंडनचे अक्षर जानेवारीत नव्हे, तर मे महिन्यात बदले. आपली वही जशी दिवाळी ते दिवाळी चालते, तसे त्यांचे अक्षर मे ते मे. म्हणून १८६७ चे अक्षर म्हणजे वस्तुतः १८६७-६८. बर्मिंगहॅमचे अक्षर जुलैत बदले आणि तेथील मालिका लंडनपेक्षा लांब असत. म्हणून आधी गाव ओळखावे आणि मगच अक्षराकडे वळावे. गाव न पाहता अक्षर वाचले, तर पन्नास-साठ वर्षांची चूक सहज होते. १९७५ पासून सर्व कचेऱ्यांचे अक्षर जानेवारीत बदलू लागले आणि १९९९ पासून ते ऐच्छिक झाले.

चितेगावातील एक वाटणी

चितेगाव येथील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात तीन भावांची वाटणी होती. हिशेब तपासून द्यावा, म्हणून त्यांनी मला बोलावले. चांदीच्या यादीत दोन विलायती वस्तू होत्या. एक मोठे तबक, वजन सुमारे दीड किलो, आणि एक लहान दूधपात्र, वजन २१० ग्रॅम, म्हणजे १८ तोळे. थोरल्या भावाने तबक स्वतःच्या वाट्यास धरले होते आणि त्याच्या बदल्यात इतर भांड्यांवरील हक्क सोडला होता. दूधपात्र मोडीच्या ढिगात होते.

मी भिंग मागवले. तबकाच्या पाठीवर चार ढाली होत्या, प्रत्येकीत एक अक्षर. दिसायला अगदी हॉलमार्कसारख्या. वाचले तर ‘ई, पी, एन, एस’.

“काका, चार ठसे आहेत म्हणजे चांदी उत्तमच असणार ना?” थोरल्याने विचारले.

ही चार अक्षरे म्हणजे ‘निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, हे मी त्याला सांगितले. आत तांबे, जस्त आणि निकेल. चांदी केवळ वरच्या पापुद्र्यात. दीड किलो वजनात विकण्याजोगी चांदी जवळजवळ नाहीच.

दूधपात्राच्या बुडाशी मात्र चालणारा सिंह होता, मुकुट नसलेला चित्ता होता, डावीकडे पाहणारे राणीचे मस्तक होते आणि गॉथिक वळणाचा छोटा ‘एम’ होता. १८५६ च्या ‘ए’ पासून मोजत गेले, ‘जे’ गाळला, की ‘एम’ येतो १८६७ साली. तशाच वळणाची छोटी अक्षरे लंडनने १९१६ पासूनच्या मालिकेतही वापरली आणि त्या मालिकेत ‘एम’ येतो १९२७ साली. मग कोणते वर्ष खरे? राणीच्या मस्तकाने निवाडा केला. १८९० नंतर मस्तक नाही, म्हणून १८६७-६८. एक ठसा दुसऱ्याची साक्ष तपासतो, तो असा.

किलोला एक लाख असा सरळ भाव हिशेबासाठी धरला, तर २१० ग्रॅम स्टर्लिंगमध्ये १९४ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १९,४०० रुपयांचा धातू. वाटणीचा कागद त्या दिवशी पुन्हा लिहावा लागला. धाकट्या दोघांनी स्वतःहून सांगितले, “दादांचे नुकसान होऊन आम्हाला वाटा नको.” तबकाचा हिशेब शून्य धरून तिघांचे भाग नव्याने झाले. दूधपात्र मोडीतून वगळले आणि सर्वांच्या संमतीने आत्यांकडे ठेवले गेले. ठसे वाचले नसते, तर थोरला भाऊ सद्भावनेने लाखाहून अधिक रुपयांना बुडाला असता आणि ते उघड झाल्यावर तिघांची मने दुरावली असती. चांदी पुन्हा मिळवता येते, भावाभावांतील विश्वास पुन्हा मिळवणे फार कठीण.

चांदीसारखे दिसते, पण चांदी नव्हे

‘जर्मन सिल्व्हर’ हे नाव आपल्या घरांत परिचित आहे. लग्नमुंजीत वाणाच्या वस्तू म्हणूनही ती वाटली जातात. तिच्यात चांदीचा अंशही नसतो, ती तांबे, जस्त आणि निकेल यांची मिश्रधातू आहे. तिच्यावर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले आणि मुलाम्याची भांडी जगभर पसरली.

त्यापूर्वीचा प्रकार म्हणजे ‘शेफील्ड प्लेट’. थॉमस बोलसोव्हर याने १७४३ च्या सुमारास तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा उष्णतेने जोडून एकजीव लाटण्याची कृती काढली. अशा जुन्या भांड्यांच्या कडांवर झिजून तांबूस रंग डोकावतो. यांत चांदी थोडी असली, तरी वस्तू म्हणून तिला मान आहे, ती मोडण्यात अर्थ नाही. मुलाम्याचे कारखानदार शेफील्डचा मुकुटही आपल्या मालावर उमटवीत. १८९६ साली त्याला मनाई झाली. म्हणून मुकुट पाहून हुरळून जाऊ नये, त्याच्या शेजारी सिंह आहे की नाही, हे पाहावे.

आपल्या भागात आढळणाऱ्या बिदरी वस्तूंविषयीही एक शब्द. त्या जस्त-तांब्याच्या काळ्या केलेल्या धातूच्या असतात आणि चांदी केवळ नक्षीच्या तारेत किंवा पत्र्यात असते. त्यांचे मोल कारागिरीचे आहे, धातूचे नाही.

मेणबत्तीची घरे आणि सुऱ्यांच्या मुठी बहुधा आतून राळ किंवा तत्सम पदार्थाने भरलेल्या असतात. ठसे खरे असले, तरी तराजूवरचे सारे वजन चांदीचे नसते.

हिंदुस्थानात घडलेली साहेबी चांदी

काही भांडी आकाराने विलायती, पण घडली येथेच. कोलकात्याची हॅमिल्टन अँड कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स ही त्यांतील मोठी नावे. कच्छमधील भुजचे ओमरसी मावजी यांची भांडी नाजूक वेलबुट्टीसाठी प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्यावर ‘ओ. एम.’ अशी इंग्रजी अक्षरे असतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात चांदी तपासून ठसा देणारी इंग्लंडसारखी कचेरी नव्हती. म्हणून या भांड्यांवर पेढीचे नाव, आद्याक्षरे, कधी हत्तीसारखे चित्र आढळते, पण सिंह किंवा चित्ता नसतो. काटेकोर अर्थाने हे हॉलमार्क नव्हेत. येथे दुसरी सही नाही, पेढीची पत हीच हमी. आपल्या पूर्वजांच्या हुंड्या ज्या विश्वासावर चालत, तोच हा विश्वास. त्यामुळे ठसे ‘पूर्ण’ नाहीत म्हणून असे भांडे हलके समजून मोडू नये. कस काढून घ्यावा, नाव वाचावे आणि जाणकाराला दाखवावे.

घरच्या रुपयांशी ताडून पाहता

कस समजण्यासाठी आपल्या तिजोरीतील रुपये उत्तम मापदंड आहेत. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतर राणी-राजांचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम वजनाचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे हजारात सुमारे ९१७. विलायती भांडे ९२५ चे, म्हणजे रुपयाहून किंचित सरस. १९४० पासून मात्र रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. राजाचे चित्र तेच म्हणून सारे रुपये एका भावात धरू नयेत, साल पाहावे.

निजामाचा हाली शिक्का ११.१८ ग्रॅमचा आणि हजारात ८१८ भाग चांदीचा होता. म्हणजे त्यात ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी, तर इंग्रजी रुपयात १०.६९ ग्रॅम. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा हिशेब जुन्या वह्यांतून आढळतो. वरील आकड्यांचा भागाकार करून पाहावा, तो दर चांदीच्या वजनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो.

खोटे ठसे

जेथे विश्वास असतो, तेथे त्याची नक्कलही असते. इंग्लंडात १७२० ते १७५८ या काळात चांदीवर वजनाप्रमाणे कर होता. काही कारागीर लहानशी वस्तू तपासून घेत, तिच्यावरचा ठशांचा तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या बुडाशी झाळून टाकीत आणि मोठ्या वजनाचा कर बुडवीत. पुढे संग्राहकांना फसवण्यासाठीही हीच युक्ती वापरली गेली. अठराव्या शतकाच्या मध्यास खोट्या ठशासाठी देहदंडाचा कायदा होता. १७७३ साली त्याऐवजी चौदा वर्षांची हद्दपारी आली.

असा सांधा ओळखण्याची सोपी रीत आहे. ठशांच्या भागावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ विरत असताना झाळल्याची रेघ क्षणभर उमटते. शिवाय झाकण आणि भांडे यांचे अक्षर एकच आहे का, ठसे भांड्याच्या झिजेप्रमाणेच झिजले आहेत का, हेही पाहावे. सारे भांडे गुळगुळीत आणि ठसे मात्र कोरे करकरीत असतील, तर सावध व्हावे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजनमापे आणि अस्सलाच्या नावाखाली नकली माल खपवणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, यांची गणना आहे. मुलाम्याचे भांडे मुलाम्याचे म्हणूनच विकावे, हे आपल्याला कायद्याच्या आधी धर्माने सांगितले आहे.

आजची व्यवस्था

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली आणि चांदीचे २००५ साली सुरू केले. आरंभीच्या काळात सोन्यावर वर्षाचे अक्षरही असे, २००० साठी ‘ए’, २००१ साठी ‘बी’, अशी लंडनचीच रीत. आज त्याची जागा सहा अंकाक्षरी ओळख क्रमांकाने, ‘एचयूआयडी’ने घेतली आहे. सोन्याला ती सक्तीची आहे. चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिक असले, तरी १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही हा क्रमांक येतो आणि ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो पडताळता येतो. तपासणी केंद्र सराफापासून स्वतंत्र असते. घडवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही जुनी शिस्त येथेही कायम आहे.

कर्जाविषयी अनेक जण विचारतात, म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरील कर्जासाठी एकत्रित निर्देश काढले. त्यांत चांदीचे दागिने आणि नाणी तारण म्हणून स्वीकारण्यास मर्यादा घालून दिल्या आहेत. मूल्यांकन केवळ धातूच्या शुद्ध वजनाचे होते. बँक प्राचीनतेचे पैसे धरत नाही. जुनी विलायती वस्तू तारण ठेवणे म्हणूनच सहसा शहाणपणाचे नाही.

मोडण्यापूर्वी

शेवटी काही व्यावहारिक सूचना. दहापट दिसणारे सराफी भिंग घरात ठेवावे. ठशांचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात घ्यावे, म्हणजे झिजलेले चिन्हही उठून दिसते. ठशांवर राख, दंतमंजन किंवा कोरडी पूड घासू नये. दर दिवाळीला घासून घासून कित्येक भांड्यांचे ठसे आपणच पुसले आहेत. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. कस काढण्यासाठी खरवडायचे असेल, तर ते ठशांपासून दूर, आतल्या बाजूस करण्यास सांगावे.

किटलीच्या मुठीत हस्तिदंताच्या चकत्या असू शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे, हे विक्रीपूर्वी ध्यानात घ्यावे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. परदेशातील मुलाबाळांकडे असे भांडे पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वाटणीच्या यादीत ‘चांदीची भांडी, इतके किलो’ एवढेच लिहू नये. वस्तूचे नाव, वजन, ठसे, काढलेला कस, ती घरात कोणामार्फत आली हे कळत असल्यास तेही, अशी स्वतंत्र नोंद करावी आणि खाली दोघांच्या सह्या असाव्यात, एक लिहिणाऱ्याची व दुसरी तपासणाऱ्याची. ही यादी तिजोरीतच ठेवावी. पुढच्या पिढीने ती चांदी ठेवावी की मोडावी, हा त्यांचा निर्णय असेल. तो निर्णय त्यांना माहितीनिशी घेता यावा, एवढी व्यवस्था आपण लावून द्यावी.